तंबूपुरती जागा

"माझा तंबू कुठे लागणार?"

गाशे दामतेव यांनी खिडकीतून खाली बघत विचारलं आणि सोस्नाने हातातली ताटली टेबलावर आदळली. सकाळपासून हा प्रश्न कितव्यांदा आला होता ते तिने मोजणं सोडून दिलं होतं.

"अबाये, तुम्ही मरत नाही आहात. डॉक्टरांनी सांगितलंय. दोन घास खा."

"मरणाचं माझं मी बघतो. तू जागेचं बोल. नकाशे काढतेस ना? मग काढ."

"आधी खा."

"आधी काढ."

बाप तसा आणि लेक तशी. इंजेऱ्याची आंबोळी ताटलीत सुकून गेली, शिरोच्या पिठल्यावर साय धरली, आणि सोस्ना दप्तर उचलून कामावर निघाली.

अदिस अबाबात माणसाला घर नसलं तरी एक वेळ चालतं, पण इदिर नसून चालत नाही. गल्लीतल्या घरांनी मिळून केलेली ही मंडळी; कुणाकडे मयत झालं की तंबू, बाकडी, पातेली घेऊन दारात हजर. तीन दिवस तंबू उभा राहतो. लोक येऊन बसतात, घुगऱ्या चावतात, रडतात, आणि रडणं ओसरलं की जगभरच्या गप्पा मारतात. ज्याच्या दारात तंबू लागला नाही, तो मेला काय आणि परगावी गेला काय, सारखंच. गाशे दामतेव काझांचिस वस्तीच्या मागच्या गल्लीत शिवणयंत्र चालवायचे आणि तिथल्या इदिरचे वर्षानुवर्षं प्रमुख होते. तंबू त्यांनीच शिवलेला. तो त्यांनी सगळ्यांसाठी उभा केला, बायकोसाठीसुद्धा.

सोस्ना तेव्हा बाहिर दारला शिकत होती. "आईला जरा बरं नाही, दमलीय, चल," एवढंच सांगून मामा तिला घेऊन आला. वाटभर तो आईच्या तब्येतीचं कौतुक करत होता. गल्लीच्या तोंडाशी तंबू दिसला तेव्हा तिला कळलं. आपल्याकडे मरणाची बातमी अशीच देतात. "गेली" असं तोंडावर बोलणाऱ्याला माणसांत धरत नाहीत.

आता गाशेंची पाळी जवळ आली असं गाशेंना वाटत होतं, आणि गल्लीच उरली नव्हती. रुंद रस्त्यासाठी ती पाडली. अर्धी माणसं शहराच्या टोकाला गेलानला नव्या इमारतींत गेली, उरलेली जिथे भाड्याची खोली मिळाली तिथे. सोस्नाने बापाला इथे आणलं. हे संकुल तिच्याच कार्यालयाने आखलेलं, म्हणून हप्त्यांवर सातव्या मजल्यावरचं घर मिळालं. नळाला पाणी होतं, लिफ्ट होती, न्हाणीघरात निळ्या फरशा होत्या. आल्यापासून गाशे एकदाही खाली उतरले नव्हते. "खाली काय आहे?" ते म्हणत. खाली काय आहे ते सोस्नाला चांगलं माहीत होतं, कारण खालचं अंगण तिनेच काढलं होतं.

मालकांचे व्यवस्थापक अतो किफ्ले यांनी तेव्हा टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, "अंगण देखणं करा. पण असं करा की तिथे तंबू ठोकता येणार नाही. एवढा पैसा ओतून घर घेणाऱ्याला खिडकीखाली रडारड नको." सोस्नाने केलं. सगळीकडे दगडी फरशी, जिच्यात खुंटी शिरणार नाही. फरशीवर कमरेइतक्या उंच गोल दगडी कुंड्या, दोन कुंड्यांमध्ये तंबू मावणार नाही इतक्याच अंतरावर. प्रत्येकीत ऑलिव्हचं एक रोप. मध्ये वळणावळणाचे दगडी बाक. काम इतकं बेमालूम झालं की बघणाऱ्याला नुसती बाग दिसावी. किफ्लेंनी पाठ थोपटली, आणि पुढच्या टप्प्याचं कामही तुलाच म्हणाले. आणि आता तिचा बाप त्या बागेकडे बघून रोज विचारत होता, माझा तंबू कुठे लागणार. बाकी कुणाला समजलं नसतं, पण तंबू शिवणाऱ्याला ती बाग पहिल्याच दिवशी समजली होती. तो एका शब्दाने बोलला नव्हता, हेच तिला जास्त लागलं होतं.

तिने जागा शोधायला सुरुवात केली. सुरुवातीला नुसती बापाची समजूत काढायला, मग खरोखरच. कामावरून सुटली की ती शहर पालथं घालू लागली. समोरचा नवा रस्ता चांगला ऐसपैस होता. हिरवळ, दिवे, सायकलींची वाट. तिथे ती पावलांनी माप घेत असताना रखवालदाराने शिट्टी मारली.

"बाई, काय हरवलं?"

"काही नाही. इथे तंबू लावायचा झाला तर कुणाची परवानगी लागते?"

"तंबू?" तो हसला. "इथे मला उन्हात छत्री उघडायला परवानगी नाही."

चर्चच्या आवाराची दारं संध्याकाळी बंद व्हायची. शाळेच्या मैदानावर आता वाहनतळ होता. संकुलाच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या बसल्या होत्या, आणि मयताला आलेल्या म्हाताऱ्यांना गच्चीवर चढवणार कोण? ती उभी राहून मापायची, पुढे जायची, परत मागे यायची. शहरात जिकडे तिकडे जागाच जागा झाली होती आणि बसायला जागा नव्हती. याच शहराचा तिला गेल्या वर्षापर्यंत अभिमान होता. आता ती प्रत्येक चौक पावलांनी मोजत होती. घरी गाशे आणखी वाळत चालले होते, दिवसभरात एक कप कॉफी आणि खिडकी.

शेवटी तिला वाटलं, तंबूचं नेमकं माप तरी हातात असावं. शनिवारी दुपारी ती मिनिबस बदलत बदलत गेलानला गेली.

तंबू आता एतेते जेम्बेरे सांभाळत होत्या. या जुन्या शेजारीण, गल्लीत भिंतीला भिंत लावून राहिलेल्या, सोस्नाला मांडीवर खेळवलेल्या. दार उघडताच त्यांनी तिला मिठी मारली, दोन्ही गालांचे पुन्हा पुन्हा मुके घेतले आणि कॉफी भाजायला घेतली.

"अबाये कसे आहेत गं?"

"जरा दमलेत. जेवत नाहीत." सोस्नाने दप्तरातून मापाची पट्टी काढली. "एतेते, आपला तंबू कुठाय? मला माप घ्यायचंय."

जेम्बेरेबाईंचा हात तव्यावरच थांबला. "माप?"

"लांबी, रुंदी. खांबांची उंची. आमच्या अंगणात बसतो का ते बघायचंय."

तव्यावरचं कॉफीचं बी जळायला लागलं. जेम्बेरेबाईंनी तवा उतरवला, अंगावरच्या पांढऱ्या शालीचा, नेतेलाचा, काठ मयताला घेतात तसा फिरवून गळ्याशी घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बस बाळ. आधी काहीतरी खाऊन घे."

"नको हो, घाई आहे. अबायेंना एकटं ठेवून आलेय."

"एकटं!" त्यांचे डोळे भरून आले. "त्यांच्यापाशी कुणीच नाही?"

"शेजारची येऊन डोकावून जाते. अहो, ठणठणीत आहेत ते तसे."

"हो गं माझे बाई. ठणठणीतच. कोण म्हणतंय नाहीत म्हणून?"

एवढ्यात शिबेशी दारात येऊन उभा राहिला. हा इदिरचा तुतारीवाला; गल्लीत कुणी गेलं की पहाटे तुतारी फुंकत, नाव पुकारत हिंडायचं त्याचं काम. गेलानला आल्यापासून तुतारी खुंटीला होती. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"गाशे जरा दमलेत म्हणे?"

"हो. दोन दिवस जास्तच."

"दोन दिवस," शिबेशी भिंतीकडे बघत म्हणाला. "आम्ही उद्या येतो... बघायला."

"या ना! त्यांना बरं वाटेल."

यावर जेम्बेरेबाईंना हुंदका आवरेना. "बरं वाटेल म्हणते! काय काळीज आहे या पोरीचं!"

सोस्नाला वाटलं, म्हातारी माणसं, जुन्या आठवणी निघाल्या. तिचं डोकं मापात होतं. जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत तिने शिबेशीकडून तंबूची घडी उलगडून घेतली. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड, कडेला बापाचा बारीक दुहेरी टाका. तिने मापून आकडे मनात पक्के केले. बसत नव्हता. कुठूनही बसत नव्हता. निघताना सगळ्या मजल्यावरच्या बायका दारात आल्या होत्या. एकीने तिच्या हातात भाकरी कोंबली, दुसरीने मिनिबसच्या चालकाला बजावलं, "सांभाळून ने रे हिला." सोस्नाला नवल वाटलं, पण तिने त्यावर विचार केला नाही.

पहाटे तुतारीने तिला जाग आली.

आवाज भिंतींवर आपटत वर चढला. आधी तिला वाटलं आपण गल्लीत आहोत, लहान आहोत. मग शब्द आले, "इदिरकरांनो... गाशे..." आणि पुढचं फाटून गेलं. ती अनवाणी बापाच्या खोलीकडे धावली. तुतारी खोटं बोलत नाही, जन्मभर तिने तेच ऐकलं होतं. दार ढकलेपर्यंत तिच्या लेखी बाप गेलेला होता.

गाशे बिछान्यावर उठून बसले होते, हात कानामागे धरून.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "नाव नीट ऐकू येत नाही."

सोस्ना दाराला धरून उभी राहिली. तिला रडू फुटलं आणि हसूही.

पुन्हा तुतारी झाली, आणि या वेळी शिबेशीचा दम पुरला. "गाशे दामतेव गेले हो! इदिरकरांनो, आपले गाशे दामतेव!"

गाशेंनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "शिबेशीला किती वेळा सांगितलं, नाव आधी घे, दम नंतर घे." आणि लेकीकडे वळले. "तू काय केलंस?"

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. जरा दमलेत. जेवत नाहीत. तंबूचं माप द्या. बरं वाटेल त्यांना. प्रत्येक वाक्य ती मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलली होती, आणि जितकं ठणठणीत म्हणाली तितकं त्यांना खात्रीने कळलं होतं. आपल्या आईच्या वेळचं सगळं आठवत असूनही तिला हे सुचलं नव्हतं. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि खाली पळाली.

फाटकातून पांढरे नेतेला लोंढ्याने आत येत होते. मयताला आलेल्याला अडवायची कुठल्या रखवालदाराची छाती आहे? तो टोपी काढून बाजूला उभा होता. रातोरात निरोप फिरला होता; गेलानहून आले होते, बोलेहून, कोत्बेहून. गल्ली मोडल्यापासून तिने ज्यांची तोंडं पाहिली नव्हती ते सगळे. चौघांच्या खांद्यावर तंबू होता.

"अबाये जिवंत आहेत!" ती ओरडली. "ऐका, जिवंत आहेत ते! वर बसलेत!"

जेम्बेरेबाईंनी तिला छातीशी धरलं. "हो गं लेकरा. वरच आहेत. देवाजवळ."

"वर म्हणजे सातव्या मजल्यावर!"

"रड, रड, मोकळी हो," म्हणून बायकांनी तिच्याभोवती कडं केलं आणि तिच्यापेक्षा मोठ्याने रडू लागल्या. ती जितकी झटापट करू लागली तितका आकांत वाढला. वर खिडक्या उघडत होत्या.

लिफ्टचं दार उघडलं. गाशे दामतेव जुना तपकिरी कोट घालून, काठी टेकत बाहेर आले. कुणीतरी किंचाळलं. पुढच्या म्हाताऱ्याने क्रूस केला. शिबेशीच्या हातून तुतारी पडली आणि फरशीवर घरंगळत गेली.

गाशेंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. सावकाश, एकेका चेहऱ्यावर थांबत.

"एवढे आलात?" ते म्हणाले.

शिबेशी पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यांना बिलगला. "गाशे, माफ करा. पोरीने माप मागितलं, आणि आम्ही..."

"ऊठ. फुंकलेली तुतारी परत आत ओढता येते का?"

"नाही, गाशे."

"मग तोंडं काय बघता? तंबू लावा. घुगऱ्या आणल्यात की नुसतंच रडायला आलात?"

हास्याचा असा कल्लोळ झाला की वरच्या खिडक्या गोंधळल्या. माणसं खांब घेऊन पांगली. एक पुढे गेला, कुंडीला अडला. दुसऱ्याने फरशीवर खुंटी ठोकून पाहिली, ठिणगी उडाली. खांब हातात धरून ती सगळी कुंड्यांमधून फिरू लागली. हळूहळू हसणं विरलं.

"जमीनच नाही," तंबू धरलेला एकजण म्हणाला. "कुणी बांधलंय हे?"

गाशेंनी सोस्नाकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. अतो किफ्ले.

"सोस्ना, काय तमाशा आहे? मला रहिवाशांचे फोनवर फोन येतायत. तंबू लावतायत म्हणे?"

"हो."

"तूच लिहून दिलं होतंस ना, तिथे तंबू उभा राहूच शकत नाही म्हणून? जा आणि हटव त्यांना. तुझीच माणसं दिसतात. उद्या पुढच्या टप्प्याचा करार आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. त्या करारावर घराचे हप्ते होते, आणि तिचं नावही. बाप काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. इतकी माणसं बघून त्याच्या तोंडावर आलेला रंग आता उतरू लागला होता, आणि तो वळून लिफ्टकडे बघत होता. हा एकदा वर गेला की पुन्हा उतरणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

"उभा राहतो," ती फोनमध्ये म्हणाली. "मी चुकीचं लिहून दिलं होतं." तिने फोन बंद केला.

मुळांना खोली हवी म्हणून कुंड्यांत गळ्यापर्यंत माती भरायला तिनेच कंत्राटदाराशी भांडण केलं होतं. तिने बाह्या सरसावल्या, जवळच्या कुंडीवर चढली आणि रोपाच्या कडेला हातांनी माती उकरू लागली.

"खांब इथे द्या. कुंड्यांमध्ये बसवू नका, कुंड्यांवरून घ्या. सगळ्या कुंड्या आत येतील. दोऱ्या बाकांना बांधा."

"बाकांना?"

"हलणार नाहीत. मला माहीत आहे."

खांब मातीत गच्च बसले. हिरवं-पांढरं कापड वर गेलं, ऑलिव्हची रोपं त्याच्याखाली आली, आणि वळणाच्या बाकांवर माणसं एकमेकांकडे तोंड करून बसली. गाशेंनी कडेचा टाका बोटाने चाचपून पाहिला, एके ठिकाणी उसवला होता म्हणून जेम्बेरेबाईंवर ओरडले, आणि मधल्या जागेवर बसले. मयताच्या जागेवर.

तीन दिवस तंबू राहिला. कारण तुतारी फुंकली होती. लोकांनी गाशेंच्या तोंडावर त्यांचे गुण गायले आणि त्यांनी मध्येमध्ये दुरुस्त्या केल्या. कुणाची मुलगी बाळंत झाल्याचं कुणाला तिथेच कळलं. दोन म्हाताऱ्यांनी पाडलेल्या भिंतीच्या मालकीवरून भांडण काढलं, जणू भिंत अजून उभी होती. घुगऱ्यांचं पातेलं फिरलं तेव्हा गाशेंनी मूठभर घेतल्या, चावल्या आणि पातेलं पुढे जाऊ दिलं नाही. सोस्ना खांबाआड उभी राहून बघत होती. बाप जेवत होता. तिने तोंडावर नेतेला ओढून घेतला, आणि बायकांना वाटलं, चला, आता रडतेय एकदाची.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची एक बाई थर्मासभर चहा घेऊन आली. तक्रारीचा पहिला फोन तिनेच केला होता. तिने सगळ्यांना चहा ओतला, मग जेम्बेरेबाईंना हळूच विचारलं, "तुमच्या इदिरमध्ये नाव घालायला काय करावं लागतं?"

त्याच दुपारी किफ्लेंचा निरोप आला. पुढचा टप्पा दुसऱ्याकडे दिला होता.

"गेलं काम?" गाशेंनी विचारलं.

"गेलं."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय."

गाशेंनी मान हलवली आणि ताटलीतला आपला घास तिच्या तोंडात भरवला. तिने तो खाल्ला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबू उतरला. मिठ्या झाल्या, मुके झाले, मिनिबस भरून गेल्या. शिबेशी निघताना म्हणाला, "गाशे, पुढच्या वेळी खात्री करून फुंकेन." "पुढच्या वेळी दम पुरव," गाशे म्हणाले.

अंगण पुन्हा मोकळं झालं. प्रत्येक कुंडीत रोपाशेजारी खांबाचा एकेक खड्डा राहिला होता. सोस्नाने माळ्याचं फावडं घेतलं आणि पहिला खड्डा बुजवायला लागली.

"राहू दे ते," मागून आवाज आला. गाशे काठी टेकत, एकटेच खाली आले होते.

"अबाये, रोपांची मुळं उघडी पडतील."

"दगड ठेव वर. बुजवू नकोस. लागतील."

"तुम्ही पुन्हा सुरू झालात?"

"मी माझ्याबद्दल कुठे बोललो?" त्यांनी काठी उचलून वर दाखवली. मजल्यामागून मजले, खिडक्यांमागून खिडक्या, एकेक दिवा लागत होता. "एवढी माणसं राहतात इथे, पोरी. ती काय मरणार नाहीत?"

सोस्नाने फावडं खाली ठेवलं आणि दगड शोधायला गेली.